शिल्लक रजेचे पैसे : हक्क, अटी आणि पुरावा

नोकरी सुटताना कामगाराच्या खात्यावर जी भरपगारी रजा उरलेली असते, तिचे पैसे देणे मालकावर बंधनकारक आहे काय, या प्रश्नाला भारतीय कायद्यात एकच सरळ उत्तर सापडत नाही. रजा कोणत्या प्रकारची होती, ती कमावणारा माणूस कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ ठरतो की नाही, आणि रजा शिल्लक का राहिली, या तीन गोष्टी निश्चित झाल्यावरच उत्तर हाती येते. पहिल्या दोन गोष्टींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसरी मात्र सहसा दुर्लक्षित राहते. पैशाचा हक्क तत्त्वतः बहुतेक ठिकाणी मान्य झालेला असून, प्रत्यक्षातले बरेच वाद ‘रजा मागितली होती, पण दिली नाही’ हे सिद्ध करता येते की नाही, याच मुद्द्यावर येऊन अडतात.

रजेच्या प्रकारांपासून सुरुवात करणे सोयीचे होईल. नैमित्तिक रजा, म्हणजे अचानक उद्भवलेल्या कामासाठी दिलेली थोड्या दिवसांची सवड, वर्षअखेरीस संपते आणि तिचे पैसे मिळत नाहीत. आजारपणाची रजाही सर्वसाधारणपणे आजारासाठीच असते. पैशांचा प्रश्न उठतो तो अर्जित रजेबाबत, जिला कारखान्यांत आणि कार्यालयांत पीएल किंवा ईएल म्हणतात. ठरावीक दिवस काम केल्याच्या मोबदल्यात ही रजा साठत जाते. ती मालकाने केलेली मेहेरबानी नसून आधीच केलेल्या कामाची कमाई असते. ही कमाई रोख रकमेत बदलून घेण्याला सरकारी मराठीत रजा रोखीकरण म्हणतात.

या रजेमागे दोन कल्पना आहेत आणि त्यांचे एकमेकींशी पुरते पटत नाही. पहिलीनुसार रजा ही विश्रांती आहे, शरीराला आणि मनाला लागणारी गरज आहे, म्हणून तिचे पैसे करणे मुळातच अनुचित होय. कारण पैशांची ओढ असलेला गरीब कामगार विश्रांती विकून टाकील आणि कायद्याचा हेतूच फसेल. दुसरीनुसार रजा हे राखून ठेवलेले वेतन आहे आणि त्यामुळे ते केव्हा ना केव्हा चुकते झालेच पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७० च्या १३२ क्रमांकाच्या करारात या दोहोंचा मेळ घातलेला दिसतो. किमान तीन आठवड्यांची रजा सोडून देण्याचा कोणताही समझोता त्या कराराने निष्फळ मानला, आणि नोकरी संपल्यास मात्र शिल्लक रजेची भरपाई मान्य केली. भारताने या कराराला अनुसमर्थन दिलेले नाही, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही. तरीही भारतीय कायद्याची घडण पाहिली तर नोकरी चालू असताना विश्रांती आणि नोकरी संपल्यावर पैसे, हीच विभागणी येथेही रुजलेली आढळते.

कारखान्यांत भरपगारी रजेची कायदेशीर तरतूद प्रथम आली ती तेव्हाच्या कारखाना कायद्याच्या १९४५ च्या दुरुस्तीने. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने तिला स्वतंत्र प्रकरण दिले आणि १९५४ मध्ये ते प्रकरण नव्याने लिहिले गेले. त्यातील कलम ७९ हा या विषयाचा गाभा होय. वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला पुढील वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा, शिल्लक राहिल्यास ३० दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात ओढण्याची मुभा, आणि अर्ज करूनही रजा मिळाली नसेल तर ती कोणत्याही मर्यादेविना पुढे नेण्याचा हक्क, अशी त्याची रचना होती. कामगाराला काढून टाकले, तो स्वतः सोडून गेला, निवृत्त झाला किंवा नोकरीत असताना मरण पावला, तर त्याला अथवा त्याच्या वारसाला रजेच्या बदल्यात वेतन मिळे, आणि त्यासाठी २४० दिवस पूर्ण झालेले असण्याची अट नव्हती. नोकरी सोडली असेल तर ही रक्कम दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी, आणि निवृत्ती किंवा मृत्यू असेल तर दोन महिन्यांच्या आत द्यायची होती. हा भाग कामगारांना आणि बऱ्याच लहान कारखानदारांनाही नीट ठाऊक नसे. ‘वर्ष भरले नाही, रजा बसत नाही’ हे उत्तर हिशेबाच्या टेबलावर सर्रास दिले जाई, आणि नोकरी सोडणाऱ्याच्या बाबतीत ते चुकीचे होते.

त्याच कलमाच्या ११ व्या पोटकलमात मात्र सूर थोडा वेगळा लागतो. मालकाने कामगाराची सेवा संपवली आणि हक्काची रजा घ्यायची राहून गेली, तर तिचे पैसे द्यावेत. पण कामगार स्वतः सोडून जात असेल तर त्याने रजेसाठी अर्ज केलेला असावा व ती त्याला मिळालेली नसावी, अशी अट तेथे येते. एका पोटकलमात अर्जाचा उल्लेखही नाही आणि दुसऱ्यात अर्जावरच सारे अवलंबून, अशा या जोडणीतून चालू वर्षात साठलेली रजा आणि आधीच्या वर्षाची शिलकी रजा यांना वेगळे नियम लागतात काय, असा वाद निर्माण होऊ शकतो. तो टाळण्याचा सोपा मार्ग मसुदा करणाऱ्यांना उपलब्ध होता, हे येथे नोंदवले पाहिजे.

२४० दिवसांच्या अटीचा सर्वाधिक चटका मुंबईच्या कापड गिरण्यांतील बदली कामगारांना बसणे स्वाभाविक होते. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशीच ज्यांना काम मिळे, त्या बदलीवाल्यांचे वर्षाचे दिवस भरण्याची खात्री नसे. कायम कामगाराची रजा म्हणजे बदलीवाल्याचा रोजगार, असा हा संबंध होता. गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात कोकणात जाणाऱ्या गिरणीकामगारासाठी रजा हा गावाशी असलेल्या नात्याचा आधार असल्याने तिचे पैसे करून घेण्यापेक्षा ती वेळेवर मंजूर होण्याला त्याच्या लेखी अधिक मोल असे, हेही विसरता येत नाही.

दुकाने, हॉटेले, खाजगी कार्यालये आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्या यांना कारखाना अधिनियम लागू होत नव्हता. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम आहे, ज्याने १९४८ च्या मुंबई अधिनियमाची जागा घेतली. मूळ मजकुराप्रमाणे तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पूर्णपणे लागू झाला. त्यात वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा, आठ सणांच्या सुट्ट्या आणि २४० दिवस भरल्यावर दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा अशी तरतूद असून, ही अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. त्यापुढची रजा बुडते; परंतु निदान १५ दिवस आधी अर्ज करूनही मालकाने ती नाकारली असेल, तर ४५ दिवसांवरील रजेचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला आहे. नोकरी सुटण्याच्या वेळीही हेच सूत्र चालते. मालकाने कामावरून कमी केले तर पैसे मिळतात. स्वतः राजीनामा दिला तर कायद्याच्या शब्दांप्रमाणे रजा मागून नाकारली गेलेली असावी लागते. पुण्या-मुंबईतील बहुतेक मोठ्या कंपन्या राजीनाम्यानंतरच्या अखेरच्या हिशेबात, ज्याला सगळे ‘फुल अँड फायनल’ म्हणतात, शिल्लक रजेचे पैसे न मागता देतात हे खरे. पण ते बहुतांशी कंपनीच्या स्वतःच्या धोरणामुळे आणि नेमणूकपत्रामुळे घडते. हा भेद एरवी जाणवत नाही, कंपनीने धोरण बदलले की जाणवतो.

या चित्रात मोठा बदल घडवला तो व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० या कायद्याने, जो इतर तीन कामगार संहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला आणि ज्याने कारखाना अधिनियम, खाण अधिनियम, मळे कामगार अधिनियम आणि श्रमिक पत्रकारांचा १९५५ चा अधिनियम यांसह १३ केंद्रीय कायदे निरस्त केले. या संहितेच्या कलम ३२ ने रजेची पात्रता २४० वरून १८० दिवसांवर आणली, दर २० दिवसांमागे एक दिवस हे प्रमाण कायम ठेवले, आणि नोकरी संपल्यावरचे पैसे, दोन कामाचे दिवस किंवा दोन महिने ही मुदत, तसेच नाकारलेली रजा अमर्याद पुढे नेण्याचा हक्क हे सारे जवळजवळ जुन्याच शब्दांत उचलले. खरे नावीन्य पुढच्या दोन खंडांत आहे. कामगाराने मागणी केल्यास वर्षअखेरीस रजेचे रोखीकरण मिळण्याचा हक्क, आणि ३० दिवसांवर गेलेल्या रजेचे पैसे मिळण्याचा हक्क, हे दोन्ही त्याला नोकरी चालू असतानाच मिळाले. विश्रांतीची कल्पना येथे मागे पडून वेतनाची कल्पना पुढे आली. पत्रकारांना जुन्या कायद्याने सेवाकाळाच्या एक अकरांश इतकी, म्हणजे बरीच उदार, अर्जित रजा दिली होती. तिची जागा आता एक विसांशाच्या सर्वसाधारण प्रमाणाने घेतली आहे, ही बाब संहितांच्या स्वागताच्या गडबडीत फारशी बोलली गेली नाही. जुने अधिक लाभ करारान्वये किंवा निवाड्यान्वये चालू असतील तर ते राखले जातात, पण नव्याने रुजू होणाऱ्याला त्याचा आधार मिळणे कठीण आहे.

महाराष्ट्राचा २०१७ चा अधिनियम राज्याचा असल्यामुळे या संहितेने तो निरस्त झालेला नाही. दोन्ही कायद्यांच्या कामगारसंख्येच्या अटीत बसणाऱ्या कार्यालयाला त्यामुळे ते एकाच वेळी लागू होण्याची स्थिती उद्भवते. एकात साठवणीची मर्यादा ४५ दिवस आणि पैशांसाठी नकाराची अट, दुसऱ्यात मर्यादा ३० दिवस पण पैसे मागणीवर. कामगाराला ज्यात अधिक लाभ ते लागू, हे तत्त्व येथे वापरले जाईल असे दिसते. मात्र एका कायद्यातील ४५ आणि दुसऱ्यातील मागणीचा हक्क एकत्र जोडून घेता येतील की नाही, हे न्यायालयांपुढे आल्याशिवाय ठरणार नाही.

या सर्व तरतुदींचा लाभ ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यालाच आहे. संहितेप्रमाणे शारीरिक, कुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा पर्यवेक्षी काम करणारा तो कामगार. प्रामुख्याने व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा, तसेच महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक या व्याख्येबाहेर राहतो. पदाच्या नावावरून हा निर्णय होत नाही, प्रत्यक्ष कामाच्या मुख्य स्वरूपावरून होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या संदर्भात पूर्वीच स्पष्ट केले आहे. हाताखाली एकही माणूस नसलेल्यांना ‘मॅनेजर’ ही उपाधी वाटणाऱ्या कंपन्यांच्या काळात हे तत्त्व फार उपयोगी आहे. खरोखरचे व्यवस्थापक मात्र नेमणूकपत्रावर अवलंबून राहतात, आणि त्यांच्या पत्रात ‘३१ डिसेंबरनंतर रजा रद्द’ असे लिहिलेले असेल तर कायदा त्यांच्या मदतीला सहसा येत नाही. दुसऱ्या टोकाला घरकामगार, ऊसतोडणी करणाऱ्या टोळ्या आणि ॲपवरून कामे घेणारे डिलिव्हरीवाले आहेत. रजा साठण्याचीच व्यवस्था नसल्याने शिल्लक रजेचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. कंत्राटदाराकडील कामगारांची स्थिती यांच्या मधली असते, कारण कागदावर रजा साठत असली तरी कंत्राटदाराचे नाव बदलले की तोच माणूस त्याच यंत्रावर नव्याने रुजू झालेला दाखवला जातो. अशा वेळी जुन्या कंत्राटदाराकडील नोकरी संपली म्हणून तेथील रजेचे पैसे दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागतात, हे सांगणारा माणूस त्याला क्वचितच भेटतो.

पैसे द्यायचे ठरले तरी ते कोणत्या दराने, हा वाद उरतोच. कारखाना अधिनियमाने रजेच्या आधीच्या महिन्यातील पूर्ण वेळेच्या कमाईची दैनिक सरासरी धरली होती. तीत महागाई भत्ता येई, जादा कामाचा मोबदला आणि बोनस येत नसे. खाजगी कार्यालयांत मात्र केवळ मूळ पगार धरण्याची रीत पडली आणि मूळ पगार मुद्दाम लहान ठेवण्याचीही. संहितांनी वेतनाची जी समान व्याख्या केली, तिच्यात घरभाडे, प्रवास यांसारखे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरची रक्कम वेतनात परत मिळवली जाते. एकूण ४०,००० रुपये महिना आणि त्यात मूळ पगार १४,००० असेल, तर भत्त्यांचे २६,००० हे निम्म्यापेक्षा ६,००० नी अधिक असल्याने वेतन २०,००० धरावे लागेल. म्हणजे ३० दिवसांच्या रजेचे १४,००० ऐवजी २०,००० मिळतील. उलट, ज्या कारखान्यांत आजवर सर्व भत्त्यांसह सरासरी धरली जात होती, तेथे हीच व्याख्या पुढे करून दर खाली आणला जाण्याची शक्यता नाकारता येत नाही.

सरकारी नोकरांची गोष्ट निराळी आणि तुलनेने सुखाची आहे. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ प्रमाणे वर्षाला ३० दिवस अर्जित रजा दोन हप्त्यांत जमा होते आणि निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतच्या शिलकीचे पैसे मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या दराने एकरकमी मिळतात. राज्य शासनाच्या १९८१ च्या रजा नियमांखालीही मर्यादा ३०० दिवसांचीच आहे. राजीनामा दिल्यास केंद्रीय नियम निम्म्याच रजेचे, तेही १५० दिवसांपर्यंत, पैसे देतात. दहा महिन्यांचा पगार हाती पडत असल्याने निवृत्ती जवळ आलेला कर्मचारी रजा घेण्याचे टाळतो, आणि विश्रांतीसाठी निर्माण झालेली सवलत बचत योजनेसारखी वापरली जाते. यात कर्मचाऱ्याला दोष देणे न्याय्य नव्हे; नियमच त्याला तसे करायला सांगतो.

न्यायालयांचा कल गेल्या काही दशकांत उघडपणे वेतनाच्या कल्पनेकडे झुकलेला आहे. झारखंड राज्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की निवृत्तिवेतन, उपदान आणि रजेचे पैसे ही संविधानाच्या अनुच्छेद ३०० अ खालील मालमत्ता असून कायद्याच्या आधाराविना, केवळ प्रशासकीय सूचनेवरून, ती रोखता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका ग्रामीण बँकेतून राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्यांच्या याचिकेवर निर्णय देताना हाच धागा पुढे नेला आणि रजा रोखीकरण पगारासमानच आहे, कमावलेली रजा न वापरता साठवली तर तिचे पैसे हा हक्क होतो, असे म्हटले. संविधानाचा आधार सरकारी व सार्वजनिक संस्थांविरुद्धच थेट चालतो. खाजगी कंपनीच्या कर्मचाऱ्याला या निर्णयांतील तर्क उपयोगी पडतो, उपाय नव्हे.

करकायद्यातही याच प्रश्नाचे प्रतिबिंब पडलेले आहे. भारत अर्थ मूव्हर्स कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवले की साठलेल्या रजेचे देणे हे पुढे कधीतरी उद्भवू शकणारे नव्हे, तर त्याच वर्षी निश्चित झालेले दायित्व आहे, म्हणून कंपनीला त्याची वजावट मिळावी. संसदेने लगेच कायदा बदलून प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच वजावट, असा नियम केला. कोलकाता उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एक्साइड इंडस्ट्रीजच्या प्रकरणात तो पुन्हा वैध ठरवला. ज्या कंपन्या ताळेबंदात रजेचे देणे पक्के म्हणून दाखवतात, त्यांनीच कामगारासमोर ते ऐच्छिक असल्याचे सांगणे त्यामुळे विसंगत दिसते. कामगाराच्या बाजूने पाहता, निवृत्तीच्या किंवा राजीनाम्याच्या वेळी मिळणाऱ्या रकमेवरील करमाफीची मर्यादा खाजगी नोकरांसाठी २००२ पासून ३ लाखांवर थिजली होती, ती २०२३ मध्ये २५ लाख झाली. सरकारी नोकरांची रक्कम पूर्णच करमुक्त आहे. नोकरी चालू असताना घेतलेल्या रोखीकरणावर मात्र कर लागतो, आणि संहितेने दिलेल्या वार्षिक मागणीच्या हक्काची गोडी त्यामुळे थोडी कमी होते.

परदेशांतील कायद्यांपैकी दोन येथे उपयोगी आहेत. अमेरिकेत संघीय कायदा भरपगारी रजा देण्याचीच सक्ती करीत नाही. मात्र कॅलिफोर्नियात, जेथे मराठी अभियंत्यांची मोठी वस्ती आहे, १९८२ च्या सुआस्टेझ खटल्यापासून रजा ही दिवसागणिक कमावलेले वेतन मानली जाते, वर्षअखेरीस ती बुडवता येत नाही आणि नोकरी सुटताच तिचे पैसे द्यावे लागतात. युरोपीय संघाने उलट टोक धरले. तेथे किमान चार आठवड्यांची रजा नोकरी चालू असताना पैशात बदलता येत नाही. पण युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये माक्स प्लांक संस्थेच्या प्रकरणात असे ठरवले की मालकाने कामगाराला रजा घेण्याची खरी संधी दिली होती आणि ती बुडेल हे वेळेवर कळवले होते, हे मालकाला दाखवता आले नाही, तर अर्ज केला नव्हता एवढ्या कारणाने रजा किंवा तिचे पैसे बुडत नाहीत. पुराव्याचा भार मालकावर टाकणारा हा विचार भारतीय कायद्यात अजून आलेला नाही.

तो यायला हवा, कारण भारतात नाकारलेल्या रजेचा सारा हक्क अर्जावर उभा आहे आणि अर्जाची व्यवस्था मालकाच्या हातात आहे. लहान कारखान्यांत रजा तोंडी मागितली जाते आणि ‘आत्ता ऑर्डर आहे, पुढच्या महिन्यात बघू’ असे तोंडीच उत्तर मिळते. मोठ्या कार्यालयांत अर्ज संगणकीय पोर्टलवर टाकला जातो आणि वरिष्ठ तो ना मंजूर करतात ना नामंजूर. दुसऱ्या प्रकारात कामगाराची बाजू वाटते तितकी दुबळी नाही. संहितेचे शब्द ‘अर्ज केला, पण रजा दिली गेली नाही’ असे आहेत. नकाराचे पत्र असावे असे ती म्हणत नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने प्रलंबित राहिलेला अर्जही पुरेसा मानला पाहिजे. चार संहितांपैकी वेतन संहितेने दावा दाखल करण्याची मुदत तीन वर्षे केली आहे, पूर्वीच्या १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात ती एक वर्ष होती. पण पोर्टलचा पासवर्ड बहुतेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवशीच बंद होतो. राजीनामा देण्यापूर्वी रजेच्या खात्याची आणि प्रलंबित अर्जांची छापील प्रत काढून ठेवलेला कामगार आणि न ठेवलेला कामगार यांचे कायद्यातील हक्क सारखेच असतात, निकाल मात्र सारखा लागेलच असे नाही.